म्हशीच्या आडून पाणचिरा

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सांगलीत पक्षी पाहणाऱ्यांचं एक लहानसं मंडळ होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या वर्गात दहा-पंधरा जण जमायचे, कोणी कुठे कोणता पक्षी पाहिला ते सांगायचे आणि प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक ते जाड नोंदवहीत लिहून घ्यायचे. सगळे त्यांना सर म्हणत. त्या वहीतली माझी एक नोंद सरांनी माझ्या डोळ्यांदेखत लाल शाईनं खोडली. त्या रेघेचा राग मी अजून सोडलेला नाही.

मी पक्ष्यांकडे आलो तो कुपवाडच्या कारखान्यातून. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. उंब्रजजवळच्या गावातून दहावी होऊन आलो, काही वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये लोखंडाचा कीस झाडला, लेथ शिकलो, मग भंगारात निघालेला एक लेथ घासाघीस करून घेतला आणि स्वतः जुळवून चालू केला. माझ्या तोंडामुळं काही गिऱ्हाइकं गेली, पण जी राहिली ती कामाकडे बघून राहिली.

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर खडीचा ढीग पडलेला असायचा. एका उन्हाळ्यात टिटवीनं त्या खडीतच चार अंडी घातली. खडी कुठली आणि अंडं कुठलं, हे हातभर अंतरावरूनही कळत नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो. ऊन चढलं की ती अंड्यांवर उभी राहून पंखांची सावली धरायची. मध्येच उडून डबक्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची. एके दिवशी तिथं नवीन खडी टाकायला ट्रक आला. मी आडवा झालो.

"टिटवीसाठी थांबवताय व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. "आवं शेट, टिटवी घराजवळ असू ने. वाईट असती."

"वाईट काय असतं ते दाखवू का? ट्रक पुढं घे, चारी चाकांची हवा सोडतो."

आमच्या घरात आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून शुभ-अशुभाला कोणी विचारत नव्हतं, त्यामुळं टिटवीला घाबरायचं काही कारण मला नव्हतं. ट्रकवाल्यानं शिव्या देत पलीकडच्या कोपऱ्यात खडी ओतली. महिनाभरानं चार पिल्लं निघाली आणि निघाल्या दिवशीच आईच्या मागं धावायला लागली. त्या दिवसापासून मी बिघडलो, असं माझी बायको म्हणायची.

आमच्या भागात वीज सोमवारी बंद असायची, म्हणून कारखान्याला सुट्टी सोमवारची. बाकीचं जग कामावर असताना मी दुर्बीण घेऊन एकटा फिरायचो. मायणीच्या तलावावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहिले, पट्ट्यापट्ट्यांच्या डोक्याचे कादंब, म्हणजे रानहंस, पाहिले. नागपंचमीला सगळे शिराळ्यात नाग बघायला गर्दी करायचे, तेव्हा मी त्याच्या पश्चिमेच्या झाडीत भिजत उभा राहून नवरंगाची शीळ ऐकायचो. पक्षी ओळखायला मला फार वर्षं लागली नाहीत, आणि त्याचं कारण धंद्यात आहे. जुनं मशीन विकणारा माणूस आधी तुम्हाला रंग दाखवतो. घेणाऱ्यानं रंगाकडे बघायचंच नसतं. सांगाडा बघायचा, कुठं झिजलंय ते बघायचं, चालवून हालचाल बघायची. पक्ष्यातही मी रंग शेवटी बघतो. आधी अंगकाठी, मग चोचीची लांबी आणि जाडी, मग चाल. पाण्याकाठचा तुतवार चालता चालता मागचं अंग सारखं वरखाली करतो, ती हालचाल एकदा डोक्यात बसली की तो पाठमोरा असला, उन्हात काळा दिसला, तरी सुटत नाही. मंडळातले लोक पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवत बसायचे. चित्रात पोट पांढरं आहे, समोरचं मळकट आहे, झालं, वाद सुरू. तो वाद मी बहुतेक वेळा जिंकायचो आणि जिंकल्यावर गप्प बसायचो नाही, हेही खरं.

कॅमेरा मला मिरजेत मिळाला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओवाल्याकडे एक रशियन कॅमेरा आणि त्याचं हातभर लांब भिंग धूळ खात पडलं होतं. भिंगाची कडी फिरत नव्हती. मी हातात घेतलं, हलकेच जोर देऊन पाहिलं आणि ओळखलं की आत नुसतं ग्रीस गोठलंय. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

"भंगार आहे," मी म्हणालो.

"मग कशाला हातात धरून बसलायसा?" तो म्हणाला.

तोही कच्चा नव्हता. शेवटी त्याचं प्रिंट वाळवायचं मशीन मी नीट करून द्यायचं आणि त्यानं कॅमेरा-भिंग द्यायचं, असं ठरलं. रॉकेल आणि चिंधी घेऊन एका संध्याकाळी मी ती कडी मोकळी केली. लोण्यात बोट फिरवावं तशी फिरायला लागली.

आता त्या पक्ष्याकडे येतो. हिवाळा सरत आलेला, उसाच्या तोडी चालू होत्या. सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेच्या एका वळणावर वाळूचं बेट उघडं पडायचं. एका सोमवारी सकाळी मी काठावर होतो. बेटावर नदी सुरय बसले होते, राखाडी पाठीचे, पिवळ्या चोचीचे, माझ्या रोजच्या ओळखीचे. त्यांच्यात दोन पक्षी वेगळे होते. पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, चोच जाड आणि नारिंगी. रंग सोडा. त्या चोचीचे दोन भाग लांबीला सारखे नव्हते. खालचा भाग वरच्यापेक्षा चांगला बोटभर पुढं आलेला. दिवसभर दोन तुकडे एका मापात बसवणाऱ्या माणसाच्या डोळ्याला ती गोष्ट सुईसारखी टोचते. तेवढ्यात त्यातला एक उडाला, पाण्याला टेकला आणि खालची चोच पाण्यात बुडवून सरळ रेषेत नदी चिरत गेला. त्याच्या मागं पाण्यावर चीर उमटत गेली. कापडावर कात्री चालवल्यासारखी. पाणचिरा. पुस्तकात पाहिला होता. पुस्तक म्हणत होतं की तो उत्तरेच्या मोठ्या नद्यांवर राहतो. आमच्या मंडळाच्या वहीत तो कधीच नव्हता.

कॅमेरा त्या दिवशी घरी होता. रीळ संपलं होतं. या चुकीबद्दल मी स्वतःला किती शिव्या घातल्या ते लिहीत नाही.

पुढच्या रविवारी मंडळात सांगितलं. सरांनी आधी सगळं लिहून घेतलं, मग पेन खाली ठेवलं.

"अहो, नदी सुरय असणार. सकाळच्या उन्हात पिवळी चोच नारिंगी दिसते."

"खालची चोच लांब होती, सर."

"वरची तुटली असेल."

"दोन्ही पक्ष्यांची? एकाच मापात?"

सर हसले. "लेथवर काम करता ना तुम्ही? दिवसभर फिरतं लोखंड बघून डोळ्यांवर ताण येतो. नवख्या माणसाला असं दिसतं कधी कधी."

वर्गात हशा पिकला. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि 'पाणचिरा, दोन' या शब्दांवरून रेघ ओढली. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'नदी सुरय'. मी बाकावर अशी मूठ आपटली की शेजारच्याचा चहा त्याच्या मांडीवर सांडला. काय बोललो ते आठवत नाही, पण ते चांगलं नव्हतं. मला पक्षी ओळखता येतो की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचा निकाल त्या वहीत माझ्याविरुद्ध लागला होता. तो फिरवायचा तर फोटो पाहिजे. पुढची बैठक महिन्यानं होती आणि पक्षी तोवर थांबतील याची खात्री नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सोमवार. उजाडायच्या आत बेटावर पोचलो. बेटाला लागून एका बाजूला पाणी गुडघाभर होतं. पक्ष्यांपासून बऱ्यापैकी लांब बसायला आडोसा करायचा ठरवलं. काठाच्या शेतात ऊस तोडून झाला होता आणि उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे वाड्याचा, ढीग पडला होता. मळेवाल्याला विचारून दोन भारे आणले, काठ्या रोवल्या आणि हिरवं खोपट उभं केलं, पुढं भिंगापुरतं भोक ठेवून. दोन तास गेले. पक्ष्यांना त्याची सवय व्हावी म्हणून दोन दिवस ते तसंच सोडायचं, मग आत बसायचं, असा बेत. माझ्या हुशारीवर मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे गेलो, तर काठ्या होत्या आणि खोपट नव्हतं. बेटावर सहा म्हशी उभ्या होत्या. एकीच्या तोंडातून माझ्या भिंतीचा शेवटचा तुकडा लोंबत होता. काठावर साठीच्या घरातली एक बाई काठी घेऊन बसली होती.

उसाच्या पट्ट्यात जन्म काढलेल्या माणसानं वाड्याचं खोपट बांधून म्हशींच्या वाटेवर ठेवावं, यासारखा मूर्खपणा नाही. हे मला तेव्हाही कळलं, पण राग आधी आला.

"आवं आक्का, म्हशी कुणाच्या ह्या? माझं खोपट खाल्लं त्यांनी!"

"खोपट व्हय ते?" ती जागची हलली नाही. "मला वाटलं कुणीतरी पुण्यवान वाडं टाकून गेलाय."

"काठ्या रोवून कोण वाडं टाकतंय?"

"मग पाटी लावायची. तरी म्हशीला वाचाय येत न्हाई म्हणा."

मी आणखी दोन-तीन गोष्टी बोललो. तिनं त्याच्या दुप्पट ऐकवल्या. म्हशी तिच्या, नदी सगळ्यांची, आणि हिवाळ्यात रोज सकाळी म्हशी याच बेटावर येतात हे काठावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. मग तिनं विचारलं, "पर खोपटात बसून करणार काय हुतास रं?"

मी बेटाच्या टोकाला बसलेले पक्षी दाखवले. फोटो काढायचाय म्हणालो.

"त्ये लाल चोचीचं? रोज बघती की. पाणी फाडत जात्यात." ती सहज म्हणाली. मंडळातल्या पंधरा जणांनी हसून उडवलेली गोष्ट या बाईनं रोज पाहिली होती. "माणूस दिसला की उडत्यात. म्हशी पार त्यास्नी पाय लावस्तवर गेल्या तरी हलत न्हाईत."

मी बघतच राहिलो. खरंच, एक म्हैस चरत चरत त्या टोकाला गेली होती आणि पाणचिरे तिच्यापासून चार-पाच पावलांवर निवांत बसले होते. माझं डोकं चालायला लागलं.

"आक्का, तुमच्या एका म्हशीच्या आडून मला पुढं जाऊ द्या."

"आणि म्हस उधळली म्हंजी?"

"नाही उधळत."

"तुला काय ठावं? तू काय म्हस हायस?" तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धंदा काय करतूस?"

लेथचं काम म्हटल्यावर तिचे डोळे लुकलुकले. तिच्या कडबा कुट्टीचं चाक खडखडत होतं. दोनदा दुरुस्त करून आणलं, तरी आठवड्यात पुन्हा तेच.

"आधी कुट्टी. मग म्हस," ती म्हणाली.

"आधी म्हैस. पक्षी उडून गेले तर?"

"कुट्टी बंद पडली तर म्हशी उडून जातील?"

मी आयुष्यभर घासाघीस केली, पण त्या सकाळी हरलो. तसाच तिच्या गोठ्यावर गेलो, चाक काढलं, आतली झिजलेली बुश, म्हणजे आसाभोवतीची कडी, खिशात घालून कुपवाडला आलो, नवी बुश लेथवर काढली आणि दुपारी बसवून आलो. चाक हातानं फिरवलं तर आवाज न करता फिरत राहिलं. आक्कानं एक पेंढी घालून पाहिली आणि मान हलवली. "उद्या ये. चप्पल घालू नगं. आणि त्यो पांढरा शर्ट तर मुळीच नगं."

दुसऱ्या दिवशी आक्कानं कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस पुढं केली, ती सगळ्यांत गरीब. डाव्या अंगाला चालायचं, हात पाठीवर ठेवायचा, शेपटाकडं जायचं नाही. मी जुनं काळं बनियन घातलं होतं. कॅमेरा आणि भिंग गळ्यात, वर प्लॅस्टिकची पिशवी. पाणी थंडगार होतं. म्हैस दोन पावलं टाकायची, थांबायची, शेवाळ हुंगायची. तिला घाई नव्हती आणि मला तिच्यापुढं काही चालत नव्हतं. मी कमरेत वाकलेला, नाक तिच्या बरगडीला लागलेलं. काठावरून आक्का हसताना ऐकू येत होती.

पंधरा पावलांवर मी थांबलो. भिंग म्हशीच्या पाठीवर टेकवलं. तिच्या पाठीसारखं चांगलं स्टँड मला पुन्हा मिळालं नाही. पहिला पाणचिरा भिंगात आला. एवढ्या जवळून ती चोच बाजूनं सुरीसारखी पातळ दिसते. डोळा काळ्या टोपीत हरवलेला. पंख मिटल्यावर शेपटीच्याही मागं जातात. मी बटण दाबलं. रशियन कॅमेऱ्याचा आवाज म्हणजे ट्रंकेचं झाकण पडावं तसा. म्हशीनं कान हलवले, पक्ष्यांनी मान वळवली, कोणी उडालं नाही. मी दहा-बारा फोटो काढले, मग हात आवरला. बसलेला पक्षी पुरेसा नव्हता. मला ती चीर पाहिजे होती.

तासभर पाण्यात उभा राहिलो. पाय बधिर झाले. मग दोघंही उठले, बेटाला वळसा घालून परत आले आणि सरळ माझ्या समोरून, खालच्या चोची पाण्यात बुडवून गेले. मी कडी फिरवत राहिलो, बटण दाबत राहिलो. रीळ संपल्याचा खटका लागला तेव्हा कळलं की मी मोठ्यानं हसतोय.

मिरजेच्या स्टुडिओवाल्यानं रीळ धुतलं. पुष्कळ फोटो हलले होते, काहींत म्हशीची शिंगं आली होती. एक मात्र असा की तो त्यानं दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिला. पक्षी पाण्याला समांतर, पंख वर, खालची चोच पाण्यात आणि मागं काचेवर ओढावी तशी चीर. "हा मी दुकानात लावतो," तो म्हणाला. मी म्हणालो, आधी मोठा प्रिंट कर, मग बोलू.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. सगळ्यांचं ऐकून घेतलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, बहुतेक मी पुन्हा भांडेन या तयारीनं. मी उठलो, प्रिंट त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला आणि तिथंच उभा राहिलो.

सरांनी उलटा केला. चष्मा काढला, फोटो डोळ्यांजवळ नेला. वर्ग उठून टेबलाभोवती गोळा झाला.

"पाणचिरा," सर म्हणाले. मग त्यांनी वही उघडली. "याची नोंद घ्यायलाच हवी. फोटोची तारीख सांगा."

"फोटोची नको, सर. मी पहिल्यांदा पाहिला त्या सोमवारची घाला. खोडलीय तिथंच."

"अहो, त्या दिवशीचा पुरावा नाही. शास्त्रात पुरावा लागतो."

"त्या दिवशी पुरावा मीच होतो."

"तुम्ही समजून घ्या—"

"निगेटिव्ह माझ्याकडं हाय," मी म्हणालो. राग आला की माझी भाषा गावाकडे जाते. "ती रेघ हाय तवर ती मिळायची न्हाई."

मग मी गप्प बसलो. सौद्यात शेवटचा शब्द टाकल्यावर जो आधी बोलतो तो हरतो, हे मला धंद्यानं शिकवलं, पण माझ्यासारख्याला ते सर्वांत अवघड. जीभ दाताखाली धरून उभा राहिलो. कोणीतरी खाकरलं. सर त्या लाल रेघेकडे बघत होते. कोणी म्हणेल मी म्हाताऱ्या माणसाला कोंडीत पकडलं. पकडलं.

सरांनी निळं पेन काढलं. लाल रेघेच्या खाली 'पाणचिरा, दोन' असं पुन्हा लिहिलं, तीच जुनी तारीख घातली, पुढं माझं पूर्ण नाव लिहिलं आणि कडेला 'खोडणाऱ्याची चूक' असं लिहून सही केली. एवढं मी मागितलं नव्हतं. मी निगेटिव्ह पाकिटासकट टेबलावर ठेवली.

लोक आपापल्या जागी गेले, तरी सरांनी फोटो हातातून सोडला नव्हता.

"चोच पाण्यातून जाताना आवाज येतो का हो?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं पाणचिरा आयुष्यात पाहिलेला नाही. चाळीस वर्षं पुस्तकातून शिकवला, पण पाहिला नाही.

"येतो," मी म्हणालो. "पाण्यातून काठी ओढल्यासारखा. पण वारा पडलेला पाहिजे, आणि पंधरा पावलांत उभं राहायला पाहिजे."

सर खुर्ची ओढून पुढं सरकले. बाकीचेही परत आले. चोच मासा लागल्यावर कशी मिटते, मान कशी खाली दुमडते, दोघं एकमेकांच्या मागं कसे जातात, हे मी अर्धा तास सांगत होतो.

"जागा कोणती?" शेवटी सरांनी विचारलं.

ती मी त्यांना सांगितली, पण त्या दिवशी नाही. आणखी एक आठवडा थांबवलं आणि मग सोमवारी उजाडताना, अनवाणी यायला सांगितलं.